जुना कीवर्ड नव्या सेटमध्ये परत कसा आणायचा

डिजिटल कार्ड गेमचा नवा सेट, म्हणजे कार्डांचा नवा संच, ठरवायला बसलं की पहिल्याच मीटिंगला प्रत्येकजण दोन-दोन नवे कीवर्ड घेऊन येतो आणि जुने कीवर्ड स्प्रेडशीटच्या कुठल्यातरी शेवटच्या टॅबमध्ये धूळ खात पडलेले असतात. माझं सरळ म्हणणं आहे, आधी तो टॅब उघडा. नवा कीवर्ड म्हणजे खेळणाऱ्याला नवं नाव, नवा नियम, नवे अपवाद, आणि हे सगळं तो शिकणार कुठे तर डोंबिवली फास्टमध्ये उभा राहून, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन, अंगठा जेमतेम अर्ध्या स्क्रीनपर्यंत पोचतोय आणि मध्येच नेटवर्क गुल. जुना कीवर्ड त्याला आधीच पाठ असतो. तुमचं काम एवढंच की तो पहिल्या वेळी नक्की कुठे फसला ते शोधायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन: कार्डाकार्डावर पुन्हा पुन्हा लिहावा लागणारा नियम एका शब्दात बांधला की झाला कीवर्ड. मेंढीकोटात "हुकूम" म्हटल्यावर कोणी नियम वाचून दाखवत नाही, तसंच. हर्थस्टोन २०१४ मध्ये आलं तेव्हा टॉन्ट (आधी मलाच मारा), चार्ज (उतरताच हल्ला), बॅटलक्राय (उतरताना इफेक्ट), डेथरॅटल (मरताना इफेक्ट) असे मोजके शब्द होते, शॅडोव्हर्स २०१६ मध्ये आलं त्यात जवळपास तेच नियम वॉर्ड, स्टॉर्म, फॅनफेअर, लास्ट वर्ड्स अशा नावांनी आहेत आणि त्यावरून कोणाचं काही बिघडलं नाही. त्यामुळे जुनं वापरलं तर लोक काय म्हणतील ही भीती पहिली काढून टाका, या धंद्यात सगळे हेच करतात.

आता पोस्टमॉर्टेम. कीवर्ड चालला नाही असं आपण म्हणतो तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. नियमच वाईट होता, किंवा नियम ठीक पण आकडे चुकले, किंवा नियम एकटा पडला म्हणजे त्याच्याशी जोडून खेळायला दुसरी कार्डंच नव्हती, किंवा ज्या माध्यमात तो होता तिथे तो जड जात होता. यातलं नक्की कुठलं, हे लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण चारही आजारांना औषध वेगळं आहे.

आकड्यांचं उदाहरण म्हणजे हर्थस्टोनचं इन्स्पायर, ऑगस्ट २०१५ च्या ग्रँड टूर्नामेंट सेटमधलं. हीरो म्हणजे खेळाडूचं पात्र, त्याची ठरलेली हीरो पॉवर वापरली की मिनियनचा, म्हणजे मैदानात उतरवलेल्या सैनिकाचा, इफेक्ट चालतो, ऐकायला मस्त. पण हीरो पॉवरला २ मॅना (या खेळातलं चलन) लागतात, म्हणजे मिनियनचे पैसे वेगळे, वर हे २ वेगळे, नाहीतर मिनियन टाकून पुढच्या टर्नपर्यंत तो जगेल अशी आशा करत बसायचं. बहुतेक वेळा तो जगतच नाही. इथे नियमात खोट नाही, किमतीत आहे. असा कीवर्ड परत आणायचा तर पॉवर स्वस्त असलेला कॅरेक्टर द्या, नाहीतर मिनियनला टिकायची सोय द्या. नियम बदलायची काहीच गरज नाही.

एकटं पडल्याचं उदाहरण मॅजिक: द गॅदरिंग या मूळच्या कागदी कार्ड गेममध्ये आहे. २००४ च्या चॅम्पियन्स ऑफ कामिगावामध्ये "स्प्लाइस ऑन्टू आर्केन" होतं, म्हणजे हातातल्या कार्डाचा इफेक्ट दुसऱ्या आर्केन कार्डावर चिकटवायचा. आर्केन असा शिक्का असलेली कार्डं मात्र त्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे सेटच्या त्या एका मालिकेत, बाहेर कुठेच नाहीत, त्यामुळे ब्लॉक संपल्यापासून तो कीवर्ड उपाशी. २०१९ च्या मॉडर्न होरायझन्समध्ये तोच स्प्लाइस आला पण कुठल्याही इन्स्टंट किंवा सॉर्सरीवर, म्हणजे एकदा वापरायच्या जादूच्या कार्डावर, चिकटणारा. बदल एवढासा, पण आता त्याला खायला सगळा गेम मोकळा. तुमच्या जुन्या टॅबमध्ये असे कीवर्ड हमखास सापडतील जे एकाच जमातीच्या किंवा एकाच सेटच्या कार्डांवर जगत होते, ते सगळ्यात आधी उचला, कमी कष्टात जास्त मिळतं.

आणि नियमच वाईट असेल तेव्हा? तेव्हासुद्धा अख्खा फेकायचा नाही, त्याची धार कुठे आहे ते बघायचं. हर्थस्टोनचं चार्ज घ्या. मिनियन टाकल्या टाकल्या समोरच्या हीरोवर हल्ला, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला संधीच नाही, आणि यातून इतक्या भानगडी झाल्या की २०१५ मध्ये वॉरसाँग कमांडर नावाचं कार्ड पार बदलून टाकावं लागलं आणि २०१८ च्या सुरुवातीला पॅचेस नावाच्या पायरेटचं चार्ज काढून घेतलं. मग एप्रिल २०१८ च्या विचवूड सेटमध्ये रश आला: लगेच हल्ला करा, पण फक्त मिनियनवर, हीरोवर नाही. मजा होती ती "आत्ता टाकलं, आत्ता मारलं" यात, ती तशीच राहिली, त्रास होता तो हीरोच्या आयुष्यात, तो काढला. रश कायमचा झाला. हर्थस्टोनच्याच बॅटलग्राउंड्स या वेगळ्या प्रकारातही तेच, पॉयझनस असलेला बारकासा मिनियन ज्याला चावेल तो खलास, त्यामुळे शेवटी शेवटी मोठमोठ्या आकड्यांना अर्थच राहायचा नाही, म्हणून २०२३ मध्ये त्याच्या जागी व्हेनमस आलं जे एकदाच चावतं.

मला स्वतःला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती हर्थस्टोनच्याच एन्रेज या कीवर्डची गोष्ट. मिनियन जखमी असेपर्यंत त्याला जादा ताकद, असा तो नियम. खेळणाऱ्याला सतत लक्षात ठेवायला लागतं की हा आत्ता जखमी आहे का, बरा केला तर ताकद गेली का. २०१८ मध्ये तो शब्दच काढून टाकला आणि त्या कार्डांवर साधं वाक्य लिहिलं. मग २०२१ च्या फोर्ज्ड इन द बॅरन्समध्ये फ्रेन्झी: पहिल्यांदा मार खाऊन जिवंत राहिला की एकदा इफेक्ट, विषय संपला. चालू राहणारी अवस्था काढून एकदाच वाजणारा ट्रिगर. तुमच्याकडे एखादा जुना कीवर्ड असेल ज्यात "असेपर्यंत" हा शब्द आहे, तर तो "पहिल्यांदा झाल्यावर" असा लिहून बघा, निम्मे बग आणि निम्मे सपोर्ट तिकीट तिथेच मरतात.

चौथा आजार माध्यमाचा, आणि डिजिटलवाल्यांची खरी लॉटरी इथे आहे. कागदावर जे किचकट होतं ते सर्व्हर फुकटात करतो. मॅजिकमधलं सायकलिंग १९९८ चं: थोडे पैसे द्या, हातातलं नको असलेलं कार्ड टाकून द्या, नवीन उचला. हर्थस्टोनने २०२१ च्या स्टॉर्मविंड सेटमध्ये ट्रेडेबल आणलं, १ मॅना द्या, कार्ड परत डेकमध्ये म्हणजे गड्डीत जातं आणि नवीन हातात येतं. कार्ड कायमचं जात नाही, नंतर कामाचं झालं की परत भेटू शकतं, म्हणून एरवी डेकमध्ये घ्यायला जिवावर येतं असं फक्त ठरावीक डेकविरुद्ध उपयोगी पडणारं कार्डसुद्धा लोक घेतात. कागदावर हेच करायला गेलात तर प्रत्येक वेळी डेक पिसत बसा, समोरच्याकडून कट करून घ्या, गेम संपेपर्यंत रात्र. तसंच मॅजिकचं मॉर्फ, २००२ चं, कार्ड उलटं ठेवायचं आणि नंतर पलटायचं, त्यात गेम संपला की उलटी राहिलेली कार्डं दाखवावी लागतात, का तर कोणी भलतंच कार्ड उलटं ठेवून फसवलं नाही ना हे कळावं. सर्व्हरला आधीच माहीत असतं. म्हणून जुन्या टॅबमधल्या प्रत्येक कीवर्डसमोर एक रकाना करा: हा नियम माणसांवर विश्वास ठेवावा लागतो म्हणून, पिसावं लागतं म्हणून किंवा लक्षात ठेवावं लागतं म्हणून दुबळा ठेवला होता का? उत्तर हो असेल तर तो उमेदवार आहे.

आता एक पूर्ण उदाहरण करून बघू, माझ्या प्रोटोटाइपमधलं. ससून डॉकवरच्या मासळीबाजाराचा गेम आहे, डेकमध्ये मासे, बर्फ, टेम्पो आणि भावावरून हुज्जत घालणारी गिऱ्हाइकं. स्ले द स्पायर या डिजिटल कार्ड गेममध्ये इथिरियल म्हणून कीवर्ड आहे, टर्न संपताना कार्ड हातात राहिलं तर त्या लढाईपुरतं ते गेलं. मासळीला याहून चपखल नियम मिळणार नाही, म्हणून आमच्याकडे तो "नासका" या नावाने पहिल्या सेटपासून होता. कार्ड असं: ताजा बोंबील, २ मॅना, ४ डॅमेज, नासका. अडचण अशी की लोकांना तो नुसता दंड वाटायचा, हातात आला की नाक मुरडून खेळायचे, त्याच्याभोवती डेक कोणी बांधायचं नाही.

मग दुसऱ्या सेटमध्ये नासकाचा नियम तसाच ठेवला, त्यातलं एक अक्षर बदललं नाही, फक्त काही कार्डांवर खाली एक ओळ लटकवली: "नासला की: सुका बोंबील हातात घ्या." सुका बोंबील १ मॅना, २ डॅमेज, आणि तो नासत नाही. कागदावर यासाठी टोकन कार्डांचा वेगळा गठ्ठा ठेवावा लागला असता, इथे एका कार्डाचं दुसरं कार्ड होणं फुकट. शिवाय वर्सोव्याची वाळवण नावाचं कार्ड, हातातल्या प्रत्येक सुक्यामागे १ डॅमेज. टेस्टला बसलेल्या पोरांनी काय केलं असेल, तर ताजा खेळणंच सोडून दिलं. बरोबरच आहे की, ताज्यात १ मॅनाला २ डॅमेज, सुक्यातही १ मॅनाला २ डॅमेज, वर सुका टिकतो आणि वाळवणीत मोजला जातो, मग ताजा कोण मूर्ख खेळेल. म्हणून सुक्याचं डॅमेज १ केलं. आता ताजा खेळला तर दुप्पट वसुली, वाळवला तर आज तोटा पण वाळवणीवर भरून निघायची आशा, म्हणजे आता विचार करावा लागतो. तरीही काहीजण अख्खा हात वाळत घालून बसायचे, त्यावर दुसरा लगाम: टर्न संपताना हातातला सगळ्यात डावीकडचाच सुकतो, बाकीचे नासून जातात. हातातली जागा मोजायची ही युक्तीही जुनीच, २०२० मध्ये हर्थस्टोनच्या डीमन हंटर या नव्या पात्राबरोबर आलेलं आउटकास्ट असंच हाताच्या टोकाची कार्डं बघतं, आणि कागदावर हे सांभाळणं वैताग आहे कारण लोक बोलता बोलता हातातली पानं सारखी पुढेमागे करत असतात.

यातली एक गोष्ट नियम म्हणून पाळा: तेच नाव ठेवायचं असेल तर अर्थ बदलायचा नाही. ट्विस्ट हवा तर तो वेगळ्या ओळीत लटकवा, किंवा चार्जचा रश केला तसं सरळ नवं नाव द्या. सगळ्यात वाईट म्हणजे नाव जुनं आणि नियम पंधरा टक्के वेगळा, कारण पाठ असलेला माणूस टूलटिप, म्हणजे नियम सांगणारी छोटी चौकट, उघडतच नाही, तो जुन्या नियमाने खेळतो, हरतो आणि स्टोअरवर जाऊन एक स्टार देतो.

"नासला की" सारख्या ओळीचा दुसरा फायदा असा की कीवर्ड हे बाकीच्या कार्डांनी पकडायचं हँडल होतं. स्ले द स्पायरमध्येच एक्झॉस्ट बघा, वापरलं की कार्ड गेलं, म्हणजे तोटाच. पण डार्क एम्ब्रेस हे कार्ड घेतलं की प्रत्येक एक्झॉस्टला एक कार्ड उचलायला मिळतं, फील नो पेनने ब्लॉक म्हणजे बचाव मिळतो, आणि अचानक लोक मुद्दाम कार्डं जाळायला लागतात. मार्व्हल स्नॅप या गेममध्ये मुळात शब्दच दोन मोठे, ऑन रिव्हील (कार्ड उघडताना एकदा) आणि ऑनगोइंग (सतत चालू), पण वाँग नावाचं कार्ड ऑन रिव्हील दोनदा चालवतं, कॉस्मो नावाचं त्या जागी ते बंद पाडतं, एवढ्यावर केवढा खेळ उभा आहे. तेव्हा जुना कीवर्ड परत आणताना तो असलेली नवी कार्डं धडाधड छापण्याआधी त्याच्याबद्दल बोलणारी चार-पाच कार्डं छापा. जुन्या कार्डांनासुद्धा त्याने नवा जन्म मिळतो आणि ज्याच्याकडे जुनं कलेक्शन पडून आहे तो खूश.

हँडल जोरात ओढलं की तुटतं हेही बघून ठेवा. हर्थस्टोनच्या विचवूडमध्ये शडरवॉक नावाचं कार्ड आलं, तुम्ही त्या गेममध्ये खेळलेली सगळी बॅटलक्राय ते परत चालवायचं, आणि ॲनिमेशन इतकं लांबायचं की समोरचा माणूस चहा करून येईल. शेवटी वेग वाढवला आणि २० बॅटलक्रायची मर्यादा घातली. त्याच सेटचा एको, एका टर्नमध्ये तेच कार्ड परत परत खेळता येतं, त्याची किंमत दुसऱ्या कार्डांनी शून्यावर आणता यायला लागल्यावर एकोची किंमत १ च्या खाली जाणार नाही असा नियम करावा लागला. म्हणजे जुन्या कीवर्डला आधीपासूनच तळ आणि छप्पर कोडमध्ये घालून ठेवा: किंमत किती खाली जाईल, एका टर्नमध्ये किती वेळा चालेल, एका ट्रिगरमधून दुसरा किती खोलवर पेटेल. मग नव्या सेटचं प्रत्येक कार्ड त्या कीवर्डच्या प्रत्येक कार्डाशी जोडी लावून दोन बॉट रात्रभर खेळवा. बॉटला चांगलं खेळता आलं नाही तरी चालेल, तुम्हाला फक्त लूप आणि क्रॅश शोधायचेत.

मराठीत गेम काढणार असाल तर एक खास डोकेदुखी आहे जी इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये कोणी सांगत नाही. बरेच इंजिन कार्डाच्या मजकुरात कीवर्डचा शब्द शोधतात आणि तो बोल्ड करून टूलटिप जोडतात. आपल्याकडे "नासका"चं "नासक्या माशांना" होतं, "ढाल"ची "ढालीवर" होते, "डंख"चं "डंखाने" होतं, आणि शब्द शोधणारा कोड हात वर करतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे "ढालीवर"मधलं अर्धंच बोल्ड होतं. म्हणून मजकुरात कीवर्डचा आयडी वेगळा आणि त्या वाक्यात दाखवायचं रूप वेगळं, अशी जोडी ठेवा, पहिल्या दिवसापासून, नंतर हे करायला बसलात तर सगळी कार्डं परत हाताने टाइप करावी लागतील. शिवाय कीवर्ड असलेली ओळ जरा मोकळी ठेवा, बोल्ड देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार स्वस्त फोनवर कापले जातात. टूलटिप दाबून धरल्यावर उघडते ना, ती अंगठ्याच्या खाली उघडू देऊ नका, वर उघडा. आणि आठवणीसाठीची ओळ, म्हणजे बारक्या अक्षरात नियम, जुना कीवर्ड असला तरी नव्या सेटच्या कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या, कार्डांवर छापाच. पाठ असलेला दुर्लक्ष करेल, आजच गेम उतरवलेल्याला तेवढीच सोय.

किती जुने कीवर्ड एकावेळी? एक, फार फार तर दोन. मॅजिकने २००६ च्या टाइम स्पायरलमध्ये जुन्या कीवर्डची अशी जत्रा भरवली की मुरलेले खेळाडू नाचले आणि नवखे गांगरले, आणि पुढे न्यू वर्ल्ड ऑर्डर या नावाने त्यांनी कॉमन कार्डं मुद्दाम साधी ठेवायचं धोरण आणलं. त्यांच्याच मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटरचं स्टॉर्म स्केल माहीत नसेल तर बघा, कुठला मेकॅनिक परत येण्याची शक्यता किती यासाठी १ ते १० आकडा, १ म्हणजे येणारच आणि १० म्हणजे जवळपास अशक्य. तुमच्या टॅबमध्ये असा एक रकाना करा, टीममधल्या प्रत्येकाने एकमेकांना न विचारता आपला आकडा टाकायचा, जिथे एकाचा २ आणि दुसऱ्याचा ९ आहे तिथेच खरी चर्चा आहे, बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

कायद्याचं थोडक्यात, कारण हे विचारलं जातंच. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३(एम) प्रमाणे खेळ खेळायच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, म्हणजे टॉन्टसारखा नियम वापरला म्हणून अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसातून तुम्हाला कोणी शोधत येणार नाही. पण कार्डांची चित्रं, मजकूर, नावं, लोगो हे वेगळं, ते उचलायचं नाही, आणि गेम बाहेरच्या देशात विकणार असाल तर तिथले नियम वेगळे. मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २०१४ मध्ये हेक्स या डिजिटल कार्ड गेमवर अमेरिकेत केस टाकली होती, मुद्दा एखाद्या कीवर्डचा नव्हता, गेम एकूणच मॅजिकसारखा आहे असं म्हणणं होतं, आणि २०१५ मध्ये ती आपसात मिटली. एक-दोन नियम घ्या, अख्खं ताट उचलू नका, आणि पैसे मोठे असतील तर वकिलाला दाखवा.

टेस्टर दोन प्रकारचे हवेत आणि ते एकाच टेबलावर बसवू नका. जुन्या सेटपासून खेळणाऱ्यांकडे बघायचं की ते कीवर्ड न वाचता बरोबर खेळतात का, वाचायला थांबले तर तुम्ही नकळत अर्थ बदललाय. नव्यांकडे बघायचं की तिसऱ्या-चौथ्या गेमपर्यंत टूलटिप उघडणं बंद होतं का. (टेस्टर शोधताना नुसतं "ऑनलाइन पत्त्यांचा गेम" असं लिहू नका, लोक पैसे लावायची रमी समजतात आणि पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणाऱ्या २०२५ च्या कायद्यानंतर तर दहा प्रश्न विचारतात.) सेट लाइव्ह गेल्यावर पहिल्या आठवड्याचे आकडे फार मनावर घेऊ नका, तेव्हा सगळेच सगळं खेळून बघत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी काढा: त्या कीवर्डची कार्डं असलेले डेक किती, आणि त्यात मागच्या सेटची कार्डं किती. दुसरा आकडा शून्याजवळ असेल तर तुमचा जुना कीवर्ड परत आपल्याच सेटमध्ये एकटा पडलाय, पुढच्या पॅचमध्ये त्याच्याबद्दल बोलणारं एखादं न्यूट्रल, म्हणजे कुठल्याही डेकमध्ये चालणारं, कार्ड सोडा.